एका म्यानात दोन ड्रायव्हर

व्हिडिओ पाहताना स्क्रीन क्षणभर काळी होते आणि दोन-तीन सेकंदांनी परत येते. रात्री एखादं अपडेट होतं आणि सकाळी सगळी अक्षरं मोठी, फाटकी दिसू लागतात. दुसरा मॉनिटर काल होता, आज ओळखलाच जात नाही. किंवा सगळ्यात भीतीदायक प्रकार म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतो, पण समोर नुसता काळा पडदा आणि त्यावर माउसचा बाण. घरच्या कॉम्प्युटरवर यातलं काही ना काही तुम्ही अनुभवलं असेल.

अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. दुरुस्तीच्या दुकानातही बरेचदा तेच ऐकायला मिळतं : कार्ड गेलं, नवीन घ्या. चांगलं कार्ड आज एखाद्या साध्या लॅपटॉपच्या किमतीला पडतं. लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवरच बसवलेलं असेल, तर ‘नवीन लॅपटॉपच घ्या’ असा सल्ला मिळतो. पण पुष्कळदा कार्ड ठणठणीत असतं आणि भांडण ड्रायव्हरांचं असतं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

हे भांडण ओळखायचं कसं, मिटवायचं कसं, आणि मुख्य म्हणजे ते खरंच मिटलं हे ठरवायचं कसं, ते आज पाहू. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय केलं ते लिहून ठेवायचं, प्रयोगशाळेतली एवढी शिस्त पुरते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

तुमचा ब्राउझर किंवा गेम ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. तो एका ठरलेल्या भाषेत सांगतो, ‘इथे एक त्रिकोण काढ, त्यावर हा रंग लाव.’ कार्डाला ही भाषा कळत नाही. प्रत्येक कंपनीच्या, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या, कार्डांची यंत्रभाषा निराळी असते. मधल्या दुभाष्याचं काम ड्रायव्हर करतो. प्रोग्रॅमच्या सूचना तो कार्डाच्या भाषेत आणतो, कार्डाची मेमरी वाटून देतो आणि कार्ड तापलं तर त्याचा वेग कमी करतो.

हे काम मोठं आहे, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइलही मोठी असते. ती कित्येकशे एमबी भरते. माउसच्या किंवा कीबोर्डच्या ड्रायव्हरपेक्षा हा प्रकार कितीतरी पटींनी गुंतागुंतीचा आहे, आणि जिथे गुंतागुंत जास्त तिथे बिघडायच्या जागाही जास्त.

एका ड्रायव्हरपायी सगळा कॉम्प्युटर का कोसळतो?

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ढोबळमानाने दोन विभाग असतात. बाहेरच्या विभागात आपले रोजचे प्रोग्रॅम चालतात. त्यातला एखादा कोसळला तर तेवढाच बंद पडतो. आतला विभाग म्हणजे कर्नल. तिथे चालणाऱ्या कोडला सगळ्या मेमरीत आणि सगळ्या हार्डवेअरमध्ये हात घालायची मुभा असते. तिथे कोणी चुकलं तर पुढचं नुकसान टाळण्यासाठी सिस्टीम स्वतःलाच थांबवते. आपल्याला दिसणारा निळा पडदा तो हाच.

१९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्सचा मोठा भाग बाहेरून उचलून कर्नलमध्ये नेला. कारण वेगाचं होतं. आत-बाहेर सारख्या फेऱ्या मारण्यात वेळ जात होता. वेग वाढला, पण ग्राफिक्स ड्रायव्हरची चूक आता साऱ्या घराला भोवू लागली. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये ड्रायव्हरचे दोन तुकडे करण्यात आले. भाषांतराचं बरंचसं काम करणारा तुकडा बाहेर आला आणि कार्डाला प्रत्यक्ष हात लावणारा छोटा तुकडा आत राहिला. नवी रचना सुरुवातीला कुणालाच नीट जमली नाही. एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार, २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के क्रॅश एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते.

कर्नलमधली चूक किती महाग पडू शकते याचं अलीकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १९ जुलै २०२४ ला जगभरचे विमानतळ आणि रुग्णालयं ठप्प झाली होती. तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले.

व्हिस्टाने एक चांगली सोयही आणली. विंडोज ग्राफिक्स कार्डाला एखादं काम देतं आणि वाट पाहतं. नेमून दिलेली मर्यादा साधारण २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्डाकडून हालचाल झाली नाही, तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करतं. व्हिडिओ पाहताना स्क्रीन काळी होऊन परत येते ती बहुधा यामुळेच, आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला’ अशी नोंद होते. हे एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा घडलं तर मात्र विंडोज हात टेकतं आणि निळा पडदा दाखवतं. म्हणजे क्षणभराचा काळा पडदा हे दुखण्याचं पहिलं लक्षण असतं. त्याकडे तेव्हाच लक्ष दिलं तर पुढचा त्रास वाचतो.

भांडण लागतं कुठे?

नेहमी दिसणारी चार ठिकाणं सांगतो.

पहिलं ठिकाण म्हणजे विंडोज अपडेट. तुम्ही कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर टाकता आणि दोन दिवसांनी विंडोज त्याच्या जागी स्वतःच्या साठ्यातला जुना ड्रायव्हर आणून बसवतं. हे वेडेपणाचं वाटतं, पण त्यामागे नियम आहे. प्रत्येक कार्डाला एक ओळख क्रमांक असतो. त्यात आधी कंपनीचा आकडा येतो. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, तिच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून घेतलेला. मग येतो चिपचा आकडा, आणि त्यापुढे ती चिप कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलमध्ये बसवली आहे त्याचा आकडा. ड्रायव्हर निवडताना विंडोज जुळणी किती नेमकी आहे हे आधी बघतं आणि तारीख नंतर. लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर ‘नेमक्या याच मॉडेलसाठी’ असा नोंदलेला असतो, तर तुम्ही उतरवलेला ‘या चिपच्या सगळ्या कार्डांसाठी’ असा. त्यामुळे वर्षभर जुना ड्रायव्हरही जिंकू शकतो. मग कार्डाचं सेटिंग ॲप एका आवृत्तीचं आणि खालचा ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचा, अशी स्थिती होते. एएमडीच्या ॲपमध्ये तर ‘विंडोज अपडेटने तुमचा ड्रायव्हर बदलला असावा’ असा इशाराच ठेवलेला आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे दोन ग्राफिक्स चिप असलेले लॅपटॉप. यात प्रोसेसरमधली छोटी, वीज वाचवणारी चिप असते आणि शिवाय एनव्हिडियाची किंवा एएमडीची मोठी चिप. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. तेव्हापासून अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीन छोट्या चिपला जोडलेली असते. मोठी चिप चित्र तयार करते, छोटीच्या मेमरीत नेऊन ठेवते, आणि छोटी ते स्क्रीनवर दाखवते. मोठीला छोटीवर अवलंबून राहावंच लागतं. ‘दोन ड्रायव्हर आहेत म्हणजे भांडण असणार’ असं समजून इंटेलचा ड्रायव्हर काढून टाकणारे लोक इथेच फसतात. इथे दोन दुभाषी असणं बरोबरच आहे, फक्त ते एकमेकांशी जुळणारे हवेत.

तिसरं ठिकाण म्हणजे जुन्याचे अवशेष. तुम्ही एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं बसवलं, किंवा उलट केलं. जुन्या ड्रायव्हरच्या फाइली, सेटिंगच्या नोंदी, पाठीमागे चालणाऱ्या सेवा तशाच राहतात. एका कार्डासाठी एका वेळी एकच ड्रायव्हर काम करतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात तसंच. पण उरलेले तुकडे सुरुवातीलाच जागे होतात आणि नसलेलं कार्ड शोधत बसतात.

चौथं ठिकाण आहे आभासी डिस्प्ले. यूएसबीवर चालणारे काही डॉक, दूरवरून कॉम्प्युटर चालवायची काही सॉफ्टवेअर, स्क्रीन रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम, हे स्वतःचा छोटा डिस्प्ले ड्रायव्हर बसवतात किंवा चित्राच्या वाटेत मध्ये उभे राहतात. घरून काम सुरू झाल्यापासून आपल्यातल्या अनेकांच्या टेबलावर ऑफिसचा डॉक आला आहे. तो लावल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर चौकशीला तिथूनच सुरुवात करा.

आधी निदान, मग औषध

दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा, हे ठरवल्याशिवाय काहीही काढू किंवा टाकू नका.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, बहुधा एक बीप ऐकू येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेली कामं तशीच राहतात. काळा पडदा एवढ्यानेच गेला, तर संशय ड्रायव्हरवर पक्का होतो.

पुढची चाचणी कॉम्प्युटर सुरू होतानाची. कंपनीचं चिन्ह दिसतं तेव्हा किंवा बायोसच्या पानावर विंडोजचा ड्रायव्हर अजून जागाच झालेला नसतो. तिथेही रेघा, ठिपके, चुकीचे रंग दिसत असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे. मग केबल बदलून पाहा, दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून पाहा. तरीही रेघा राहिल्या तर कार्डाचंच दुखणं आहे.

तिसरी चाचणी सेफ मोड. यात विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवतं आणि मायक्रोसॉफ्टच्या एका साध्या ड्रायव्हरवर काम चालवतं. चित्र ओबडधोबड दिसतं, ते तसंच दिसायला हवं. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असं जा आणि आलेल्या यादीतून ४ दाबा. पडदा काळाच असेल, तर कॉम्प्युटर सुरू होत असताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं सलग दोन-तीन वेळा केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचं पान उघडतं. सेफ मोडमध्ये तासभर सगळं सुरळीत चाललं आणि नेहमीच्या मोडमध्ये लगेच बिघडलं, तर बहुधा ड्रायव्हरचाच प्रश्न आहे. बहुधा अशासाठी की सेफ मोडमध्ये कार्डावर फारसा भार पडत नाही. तापल्यावर किंवा वीज कमी पडल्यावरच रुसणारं कार्ड तिथे शहाण्यासारखं वागू शकतं. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांनीच त्रास होत असेल, तर आधी पंख्यांतली धूळ साफ करा.

सेफ मोडमध्ये शिरण्यापूर्वी एक महत्त्वाची सूचना. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, आणि दुरुस्तीच्या पानावरून जाताना विंडोज बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी फोनवरून त्या खात्यात शिरून किल्ली सापडते का ते पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्डही हाताशी ठेवा. फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत तर हवीच. ड्रायव्हर बदलल्याने फायली जात नाहीत, पण किल्ली नसली तर घरात असूनही दार उघडत नाही अशी गत होते.

चौथी गोष्ट म्हणजे तारीख. त्रास नेमका कधी सुरू झाला? विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की एक आलेख उघडतो. त्यात दर दिवसाचे क्रॅश लाल खुणांनी दिसतात आणि त्याच दिवशी काय बसवलं गेलं तेही दिसतं. शिवाय विंडोज अपडेटच्या इतिहासात ड्रायव्हर अपडेटची वेगळी यादी असते. लाल खुणा १२ तारखेपासून सुरू होतात आणि ११ तारखेला डिस्प्लेचं अपडेट झालेलं दिसतं, तर अर्धं काम झालं.

दुरुस्ती : सौम्य उपायापासून सुरुवात

पहिला उपाय मागे जाण्याचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली तुमच्या कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करा, ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. अपडेटनंतर बिघडलेल्या कॉम्प्युटरला अनेकदा एवढंच पुरतं. ते बटण फिकट दिसत असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही, मग पुढचा उपाय.

दुसरा उपाय जुनं पूर्ण काढून नवं बसवण्याचा. इथे क्रम पाळणं महत्त्वाचं आहे.

१. हवा तो ड्रायव्हर आधीच उतरवून घ्या. लॅपटॉप असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलच्या पानावरून. स्वतंत्र कार्ड असेल तर कार्डाच्या चिपच्या कंपनीकडून.

२. इंटरनेट तोडा. वाय-फाय बंद करा, केबल काढा. नाहीतर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताक्षणी विंडोज रिकामी जागा बघून स्वतःचा आणून बसवेल, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

३. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा आणि त्या वेळी ‘ड्रायव्हरही काढून टाका’ या अर्थाची जी चौकट येते तिच्यावर खूण करा. खूण केली नाही तर विंडोज साठ्यातून तोच ड्रायव्हर पुन्हा काढतं.

४. कार्डाची कंपनी बदलली असेल, किंवा साध्या पद्धतीने भागलं नसेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा मोफत प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवा. तो उरलेल्या फायली आणि नोंदी खरवडून काढतो. आधी सिस्टीम रिस्टोअरचा एक टप्पा नोंदवून ठेवा. हा प्रोग्रॅम दर महिन्याला चालवायचा नसतो, गरज पडली तरच.

५. रीस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर बसवा, पुन्हा रीस्टार्ट करा. दोन चिप असलेल्या लॅपटॉपवर आधी प्रोसेसरमधल्या चिपचा आणि मग मोठ्या चिपचा ड्रायव्हर बसवा.

६. सगळं जागेवर आल्यावरच इंटरनेट जोडा.

‘रीस्टार्ट’च म्हणतोय, ‘शट डाउन’ नाही, त्याला कारण आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना कर्नल आणि त्यातले ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते. म्हणजे रोज रात्री बंद होणारा कॉम्प्युटरही आतून कित्येक आठवडे बंद झालेलाच नसतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ‘बंद करून चालू केला तरी तसंच’ असं कोणी म्हणालं, तर आधी हे विचारा.

विंडोज अपडेट पुन्हा पुन्हा तोच ड्रायव्हर आणत असेल, तर डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप ड्रायव्हर आणायला ‘नो’ म्हणा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधूनही अपडेटमधले ड्रायव्हर वगळता येतात. सुरक्षेची अपडेट मात्र बंद करू नका.

इंटरनेटवर एक सल्ला नेहमी दिसतो : रजिस्ट्रीत जाऊन ती २ सेकंदांची मर्यादा वाढवून १० करा. कार्डावर मोठी गणितं चालवणाऱ्यांना याचा उपयोग होतो, कारण तिथे एखादं काम खरंच लांबतं. घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाहताना कार्ड अडकत असेल, तर मर्यादा वाढवून फक्त स्क्रीन जास्त वेळ गोठलेली राहील.

‘बरं झालं’ कधी म्हणायचं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि संशोधक म्हणून मला याच भागात सर्वांत जास्त रस आहे. लोक ड्रायव्हर बदलतात, केबल बदलतात, बायोस अपडेट करतात, सगळं एकाच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही. कशामुळे गेला ते कळत नाही, आणि खरंच गेला का तेही कळत नाही.

समजा तुमची स्क्रीन सरासरी दोन दिवसांतून एकदा, कधीही, काळी होत होती. काहीही न बदलता दोन दिवस शांततेत जाण्याची शक्यता किती? हिशोब केला तर सुमारे ३७ टक्के. म्हणजे निरुपयोगी उपायही तीनपैकी एका वेळी ‘लागू पडल्यासारखा’ वाटेल. चार दिवस शांत गेले, तर योगायोगाची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास येते. सहा दिवसांनी ती ५ टक्क्यांवर उतरते. म्हणून साधा नियम असा : त्रास सरासरी जितक्या दिवसांनी होत होता, त्याच्या तिप्पट काळ थांबा. आठवड्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी तीन आठवडे.

त्रास मुद्दाम घडवून आणता येत असेल तर इतकं थांबावं लागत नाही. झोपेतून जागा करताना दर तीन वेळांत एकदा स्क्रीन काळी राहत असेल, तर उपाय केल्यावर लॅपटॉप नऊ वेळा झोपवा आणि उठवा. नऊच्या नऊ वेळा नीट उठला, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ३ टक्क्यांहून कमी आहे. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं.

यासाठी एक वही किंवा फोनमधली एक नोंद पुरते : तारीख, काय बदललं, ड्रायव्हरची आवृत्ती कोणती, त्रास झाला की नाही. दोन बदल एका दिवशी लिहायचे नाहीत, कारण करायचेच नाहीत.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालणारे वाचक आपल्यात बरेच असतील. तिथे नेहमीचं भांडण एनव्हिडियाच्या कार्डावरून होतं. नुवो हा मुक्त ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, आणि दुसरा असतो एनव्हिडियाचा स्वतःचा. कार्ड ज्याने आधी ताब्यात घेतलं ते त्याचं, म्हणून एनव्हिडियाचा ड्रायव्हर वापरायचा तर नुवोला काळ्या यादीत टाकावं लागतं. तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या साठ्यातलं पॅकेज हे काम आपोआप करतं आणि कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हरही जुळवून घेतं. कंपनीच्या साइटवरची फाइल हाताने चालवली तर पुढच्या कर्नलला काळा पडदा दिसण्याची शक्यता वाढते, आणि दोन्ही पद्धती मिसळल्या तर गोंधळ नक्की. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवल्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला एक निळं पान किल्ली नोंदवायला सांगतं. ते थोडाच वेळ थांबतं. ते हुकलं तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही.

सातासमुद्रापलीकडचा कॉम्प्युटर

आपल्यापैकी अनेकांना आपल्यापेक्षा आई-बाबांच्या कॉम्प्युटरची काळजी जास्त असते. तो पुण्यात किंवा नाशकात असतो आणि आपण इथे. दूरवरून पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर एरवी उपयोगी पडतं, पण ग्राफिक्सच्या दुरुस्तीत नेमक्या वेळी ते साथ सोडू शकतं. ड्रायव्हर काढला की जोडणी तुटू शकते, सेफ मोडमध्ये ते सुरूच होईल याची खात्री नाही, आणि बायोसचं पान तर ते दाखवूच शकत नाही. म्हणून फोनवर व्हिडिओ कॉल लावा आणि फोन स्क्रीनसमोर टेकवून ठेवायला सांगा. ‘आता दोन मिनिटं स्क्रीन काळी होईल, घाबरू नका, बटण दाबू नका’ हे आधीच सांगून ठेवा. बिटलॉकरची किल्ली कुणाच्या खात्यात आहे तेही आधी शोधा. लॅपटॉप तुम्ही सुट्टीत घेऊन दिला आणि सुरू करून दिला असेल, तर ती तुमच्याच खात्यात असण्याची शक्यता आहे.

आणखी एक धोका त्यांना जरूर समजावून सांगा. ‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ अशा लाल पाट्या दाखवून पैसे मागणारे प्रोग्रॅम असतात, आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड दिसतोय’ असं सांगणारे फोनही येतात. मायक्रोसॉफ्ट कुणाला आपणहून असा फोन करत नाही. ड्रायव्हर मिळण्याच्या विश्वासाच्या जागा तीनच : विंडोज अपडेट, कॉम्प्युटरची कंपनी आणि चिपची कंपनी. तिन्ही ठिकाणी तो फुकट मिळतो.

एवढं सगळं करूनही, स्वच्छ बसवलेल्या ड्रायव्हरवर, पुरेसा काळ थांबूनही त्रास राहिला, किंवा बायोसच्या पानावरच रेघा दिसल्या, तर दुकान गाठा. जाताना ती वही सोबत न्या. काय काय तपासून झालं आहे, कोणत्या तारखेला काय घडलं, हे समोर ठेवलं की ‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी समोरचा माणूसही एकदा तपासून पाहतो, आणि कार्ड खरंच गेलेलं असेल तर वॉरंटी मागताना तीच नोंद तुमच्या कामी येते.